स्क्रीन आपल्याकडे वळवा
(सामुदायिक रेडिओवरून गटातल्या मैत्रिणींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

आज आम्ही कॉम्प्युटरच्या मॉनिटरबद्दल बोलणार आहोत. मॉनिटर म्हणजे कॉम्प्युटरचा तो पडदा, ज्यावर आपण सगळं बघतो. आपण त्याला स्क्रीन म्हणू. कुणी म्हणेल, हा विषय शाळेतल्या पोरांचा, आपल्याला काय करायचा? पण जरा आठवून बघा. सातबारा निघतो तो आधी स्क्रीनवर दिसतो, मग कागदावर येतो. बँकेचं खातं, रेशन कार्ड, पीक विम्याचा अर्ज, मुलीचा जातीचा दाखला, गटाचा कर्जाचा हिशेब, सगळं आधी स्क्रीनवर. तिथं नाव चुकलं की ते पुढं प्रत्येक कागदावर चुकतच जातं. आता बऱ्याच गटांनी स्वतःचा कॉम्प्युटर घ्यायचं मनावर घेतलंय. गटाच्या पैशातून वस्तू घ्यायची तर ती पारखून घ्यायला हवी. साडी घेताना आपण पदर उलटून बघतो, धान्य घेताना मूठभर हातावर घेतो. मग स्क्रीन घेताना दुकानदार म्हणेल त्याला मान का डोलवायची?

तर आधी हे चित्र बनतं कसं ते बघू.

ठिपक्यांची रांगोळी सगळ्यांना येते. आधी ओळीत ठिपके काढायचे, मग जोडायचे. स्क्रीनवर नुसते ठिपकेच असतात, जोडायच्या रेघा नसतात. पण ठिपके इतके बारीक आणि इतके जवळ की डोळ्याला ते वेगळे दिसत नाहीत, सलग चित्र दिसतं. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. आजकालच्या साध्या स्क्रीनवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके होतात. दुकानात याला 'फुल एचडी' म्हणतात. जुन्या किंवा स्वस्त स्क्रीनवर आडवे १३६६ आणि उभे ७६८, म्हणजे साधारण साडेदहा लाख ठिपके असतात. त्याच जागेत ठिपके निम्मे, म्हणजे अक्षराची कड तेवढी ओबडधोबड.

प्रत्येक ठिपक्याच्या आत आणखी तीन छोटे भाग असतात. एक लाल, एक हिरवा, एक निळा. बास, तीनच रंग. बाकीचे सगळे रंग या तिघांच्या कमीजास्त उजेडातून होतात. इथं एक गंमत आहे. रंगाच्या डबीतला लाल आणि हिरवा कालवला तर मळकट तपकिरी होतो. पण लाल उजेड आणि हिरवा उजेड एकत्र आला की पिवळा दिसतो. तुमच्या मोबाईलवर हळदीचा फोटो आहे ना, त्यात पिवळा दिवा कुठंच नाही. लाल आणि हिरवा मिळून तो पिवळा झालाय. तिन्ही पूर्ण पेटले की पांढरा, तिन्ही बंद की काळा.

हे आमच्या सांगण्यावर मानू नका, घरी करून बघा. मोबाईलवर एखादं पांढरं पान उघडा. बोट पाण्यात बुडवून अगदी मोहरीएवढा थेंब स्क्रीनवर ठेवा. थेंब भिंगासारखं काम करतो. त्यात वाकून बघा, लाल, हिरवे, निळे कण दिसतील. मग थेंब कोरड्या फडक्यानं पुसून घ्या.

आता हे कण पेटतात कसे?

पूर्वी डब्यासारखे जड मॉनिटर होते. जुन्या टीव्हीसारखे, मागं कुबड आलेले. त्यात काचेची मोठी पोकळ नळी असायची, पिक्चर ट्यूब. कार्ल फर्डिनांड ब्राउन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८९७ साली अशी नळी पहिल्यांदा बनवली. मागच्या टोकाकडून विजेच्या कणांचा झोत पुढच्या काचेवर पडायचा. काचेला आतून खास पूड लावलेली असायची. झोत पडला की ती पूड चमकायची. झोत वरपासून खालपर्यंत, ओळीमागं ओळ, सेकंदाला साठ-सत्तर वेळा फिरायचा. सेकंदाला साठ वेळा असेल तर पुष्कळांच्या डोळ्याला लुकलुक जाणवायची, म्हणून जुन्या मॉनिटरपुढं बसून डोकं धरायचं.

आताची सपाट स्क्रीन वेगळी आहे. तिला एलसीडी म्हणतात. ती समजायची तर दिवाळीचा आकाशकंदील डोळ्यांपुढं आणा. आत दिवा असतो, बाहेर रंगीत कागद असतो. दिवा एकच, पण लाल कागदातून लाल उजेड येतो, हिरव्यातून हिरवा. एलसीडी स्क्रीनमध्येही तसंच आहे. मागं पांढरा दिवा, आणि पुढं प्रत्येक कणाला लाल, हिरव्या किंवा निळ्या रंगाची बारीक गाळणी. फरक इतकाच की इथं प्रत्येक कणापुढं एक छोटं दार आहे. दार उघडलं तर उजेड येतो, अर्धं उघडलं तर अर्धा, मिटलं तर अंधार. अशी ६२ लाखांहून जास्त दारं एका फुल एचडी स्क्रीनवर असतात. पाटाच्या पाण्याला आपण बारं फोडतो आणि बुजवतो ना, तसं हे उजेडाचं बारं समजा.

हे दार कशाचं? तर एका विचित्र पदार्थाचं, त्याला द्रवस्फटिक म्हणतात. तो पाण्यासारखा वाहतो, पण त्याचे कण स्फटिकासारखे एका दिशेनं तोंड करून उभे असतात. १८८८ साली फ्रिडरिख रायनित्झर नावाचा ऑस्ट्रियाचा वनस्पतीशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या एका पदार्थावर काम करत होता. त्याला दिसलं की पदार्थ १४५ अंशांच्या आसपास वितळतो, पण गढूळच राहतो, आणि १७८ अंशांच्या पुढं गेल्यावर एकदम नितळ होतो. आपण लोणी कढवतो तेव्हा तूप होताना कसं गढूळातून नितळ होतं, तसंच दिसायला. पण तुपात तो मळ असतो. इथं मळ नव्हता, पदार्थाची अवस्थाच तशी होती. ना धड घट्ट, ना धड पातळ. त्या शोधाचा उपयोग पडद्यासाठी व्हायला पुढं ऐंशी वर्षं जावी लागली.

या पदार्थाच्या दोन्ही बाजूंना एकेक खास पातळ पडदी असते. खिडकीचे गज आठवा. उभ्या गजांतून काठी बाहेर काढायची तर काठी उभी धरावी लागते, आडवी धरली तर अडकते. उजेडाचंही तसंच आहे. पहिली पडदी एका दिशेचाच उजेड आत सोडते. दुसरीचे गज आडवे, म्हणजे तो उजेड तिथं अडायला हवा. पण मधला द्रवस्फटिक उजेडाला वळवून देतो, म्हणून तो पलीकडं जातो. वीज दिली की द्रवस्फटिकाचे कण सरळ उभे राहतात, उजेड वळत नाही आणि दुसऱ्या पडदीपाशी अडतो. काही स्क्रीनमध्ये नेमकं उलटं असतं, वीज दिल्यावर दार उघडतं. तत्त्व तेच.

मागचा पांढरा दिवा पूर्वी बारीक ट्यूबलाइटसारखा होता. आता एलईडी असतो. दुकानात 'एलईडी मॉनिटर' म्हणून विकतात, तो बहुतेक वेळा एलसीडीच असतो, फक्त मागचा दिवा एलईडीचा. ज्या निळ्या एलईडीमुळे हा पांढरा उजेड स्वस्तात मिळायला लागला, तो शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

इथपर्यंत बनणं झालं. आता चित्र बिघडतं कशानं? आम्ही पाच कारणं सांगतो. ही लिहून ठेवा, कारण मेकॅनिकला बोलवायच्या आधी यातली चार कारणं आपली आपल्यालाच तपासता येतात.

पहिलं कारण, ठिपक्यांचा मेळ. स्क्रीनवर जेवढे ठिपके खरोखर आहेत, तेवढ्याच ठिपक्यांचं चित्र कॉम्प्युटरनं पाठवलं पाहिजे. एकवीस ठिपक्यांची रांगोळी पंधरा ठिपक्यांच्या जागेत बसवायला गेलं तर काय होईल? कुठं ठिपका दुभागेल, कुठं रेघ जाड होईल. स्क्रीनवरही अक्षरं फुगीर आणि पुसट दिसतात. पुष्कळ ठिकाणी अक्षरं मोठी दिसावीत म्हणून मुद्दाम रिझोल्यूशन कमी करून ठेवलेलं असतं. मग गोल भाकरी लांबुडकी दिसते आणि मराठी वाचताना डोळे फुटतात. उपाय सोपा आहे. कॉम्प्युटरच्या मोकळ्या पडद्यावर माऊसचं उजवं बटण दाबा, डिस्प्ले सेटिंगमध्ये जा. रिझोल्यूशनच्या यादीत ज्याच्यापुढं 'रेकमेंडेड' लिहिलंय ते निवडा. अक्षर मोठं हवं असेल तर तिथंच 'स्केल' असतं, ते १२५ किंवा १५० टक्के करा. नुसतं एखादं पान मोठं बघायचं असेल तर कंट्रोल बटण दाबून धरा आणि अधिकचं चिन्ह दाबा.

याचं महत्त्व मराठीला जास्त आहे. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी असतात. आपल्या अक्षरावर अनुस्वार, मात्रा, वेलांटी, खाली उकार, पोटात रेघ. हे सगळं बारीक ठिपक्यांवर चालतं. चित्र पुसट झालं की म आणि भ, घ आणि ध, प आणि ष सारखे दिसतात. शिंदेचा अनुस्वार उडाला की शिदे होतं. आमच्या गटातल्या एका ताईचं आडनाव मोरे. एका ठिकाणी अर्ज भरला तिथं ते भोरे लागलं. आधार कार्डावर मोरे, पासबुकावर भोरे, म्हणून तिचं अनुदान अडकलं. दोन महिने हेलपाटे, प्रत्येक खेपेला मजुरी बुडली, एसटीचं भाडं वेगळं. नंतर आम्ही ती स्क्रीन बघितली. म आणि भ आम्हालाही ओळखू येत नव्हते. अर्ज भरणाऱ्या मुलावर खापर फोडून काय करणार? तो दिवसभर त्याच स्क्रीनपुढं बसतो, त्याला त्या पुसट अक्षरांची सवय झालेली.

दुसरं कारण, केबल. कॉम्प्युटरपासून मॉनिटरपर्यंत चित्र केबलमधून येतं. जुन्या केबलला निळी पिन असते, दोन्ही बाजूंना स्क्रू. तिला व्हीजीए म्हणतात, ती १९८७ पासून चालत आलीय. तिच्या तोंडात पंधरा पिना असतात. लाल, हिरवा, निळा हे रंग तिच्यात वेगवेगळ्या तारांनी येतात. म्हणून एखादी पिन वाकली किंवा सैल झाली की एक रंगच गायब होतो. निळा गेला तर सगळी स्क्रीन पिवळी, हिरवा गेला तर जांभळट गुलाबी, लाल गेला तर निळसर हिरवी. अशा वेळी कुणी म्हणालं, मॉनिटर गेला, नवा घ्या, तर आधी म्हणायचं, थांबा. कॉम्प्युटर बंद करा, केबल काढा, पिना बघा, नीट बसवून स्क्रू आवळा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. या केबलवर चित्र थोडं सरकलेलं किंवा थरथरतं दिसलं तर मॉनिटरच्या बटणांत 'ऑटो' नावाचं बटण शोधा, ते चित्र आपोआप जागेवर आणतं. नवी केबल एचडीएमआय. तिच्यातून चित्र आकड्यांच्या रूपात येतं. ते येतं तेव्हा चोख येतं, नाहीतर तुटक येतं किंवा येतच नाही. दोन्ही पर्याय असतील तर एचडीएमआय घ्या.

तिसरं कारण, उजेड. बाहेरचा आणि आतला, दोन्ही. आपल्याकडं खोलीला एकच दार, समोर ऊन, वर पत्रा. स्क्रीन दाराकडं तोंड करून ठेवली की त्यात दारच दिसतं, अक्षर दिसत नाही. दाराकडं पाठ करून ठेवली तर बघणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येतं. म्हणून दार आणि खिडकी स्क्रीनच्या बाजूला यायला हवी, डाव्या किंवा उजव्या हाताला. घेताना चकचकीत काचेपेक्षा मॅट, म्हणजे चकाकी नसलेली स्क्रीन आपल्या घरांना बरी. आतला उजेड म्हणजे ब्राइटनेस. त्याची एक सोपी पारख आहे. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा आणि शेजारी वहीचं कोरं पान धरा. स्क्रीन दिव्यासारखी भगभगत असेल तर ब्राइटनेस कमी करा. राखेसारखी मळकट दिसत असेल तर वाढवा. दोन्ही पांढरे सारखे दिसले की झालं. मागचा दिवा वर्षानुवर्षं जळून मंद होत जातो. जुन्या ट्यूबच्या स्क्रीनवर तो पिवळसरही होतो. ब्राइटनेस शंभरावर नेऊनही स्क्रीन मळकट दिसत असेल तर तिचं वय झालं असं समजा.

चौथं कारण, रंगाची सेटिंग. हे ज्या मैत्रिणी गोधड्या, साड्या, मसाले, दागिने मोबाईलवरून विकतात त्यांनी नीट ऐकावं. गिऱ्हाईक म्हणतं, फोटोत गडद लाल होतं, हातात आली तर विटकरी. दोघंही खरं बोलत असतात. तिची स्क्रीन वेगळी, तुमची वेगळी. वर पुष्कळ मोबाईलवर आणि कॉम्प्युटरवर संध्याकाळी आपोआप 'नाइट लाइट' लागतो, त्यानं सगळं पिवळट होतं. तेव्हा रंग ठरवायचा असेल, फोटो निवडायचा असेल तर नाइट लाइट बंद करा. फोटो दिवसा, सावलीत काढा, आणि वस्तूशेजारी पांढरा कागद ठेवून काढा. स्क्रीनवर कागद पांढरा दिसला तर रंग खऱ्याच्या जवळ आहे. कागदच पिवळा किंवा निळा दिसला तर रंगावर भरवसा ठेवू नका. आणि रंगाचं नाव शब्दांतही लिहा. मोरपंखी, डाळिंबी, आमसुली असं लिहिलं की गिऱ्हाइकाला नक्की कळतं.

पाचवं कारण, बघायचा कोन. हे आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं. स्वस्त स्क्रीन बहुतेक 'टीएन' जातीच्या असतात. त्यांच्यातला द्रवस्फटिक समोरून बघणाऱ्यासाठी उजेड नीट सोडतो. बाजूनं, आणि विशेष करून खालून बघितलं तर रंग उलटेपालटे होतात, काळं पांढरं होतं, अक्षर विरून जातं. 'आयपीएस' जातीच्या स्क्रीनवर कुठूनही बघा, चित्र जवळजवळ तसंच राहतं. 'व्हीए' म्हणून तिसरी जात आहे, तिच्यात काळा रंग गडद असतो, पण बाजूनं बघितल्यावर चित्र थोडं फिकं पडतं.

आता हे आपल्याला का सांगतोय? आपण एखाद्या कार्यालयात जातो. टेबलाच्या पलीकडं साहेब, त्याच्यापुढं स्क्रीन. आपण अलीकडं, किंवा बाजूला उभ्या. आपल्याला एकतर स्क्रीनची पाठ दिसते, नाहीतर तिरकं काळपट काहीतरी दिसतं. मग तो म्हणतो, बरोबर आहे ना? आणि आपण म्हणतो, हो. अंगठा ठेवतो, सही करतो. न वाचता केलेली सही आहे ती. आपल्याला वाचता येत नाही म्हणून नाही, तर स्क्रीन आपल्याकडं नाही म्हणून. तेव्हा लाजायचं नाही. म्हणायचं, "दादा, स्क्रीन जरा इकडं वळवा, नाव मोठं करून दाखवा." भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, पण म्हणायचंच. नाव, आडनाव, जन्मतारीख, खाते क्रमांक आणि रक्कम, या पाच गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय पुढचं बटण दाबू द्यायचं नाही. ज्या बाईला वाचता येत नाही, तिच्याबरोबर गटातल्या एकीनं जायचं. आमच्या गटानं हे ठरवून टाकलंय, आणि ज्यांच्याकडं गटाचा कॉम्प्युटर आहे त्यांनी तर स्क्रीन आडवी, दोघींना दिसेल अशीच मांडायची.

आता डोळ्यांबद्दल थोडं. स्क्रीनकडं टक लावून बघताना पापण्या कमी वेळा मिटतात, म्हणून डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर बघायचं. अंगणातलं झाड, समोरची भिंत, काहीही चालेल. स्क्रीन हातभर लांब ठेवायची आणि तिची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली. ज्यांना चाळीशी लागलीय, त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. चाळीशीचा चष्मा पोथी वाचायच्या अंतराचा असतो, सव्वा-दीड फुटाचा. स्क्रीन दोन फुटांवर असते. म्हणून त्या चष्म्यातून स्क्रीन पुसट दिसते आणि आपण मॉनिटरला दोष देतो. दुहेरी काचेचा चष्मा असेल तर खालच्या काचेतून बघायला मान वर करावी लागते, मग मान धरते. त्यांनी स्क्रीन आणखी खाली घ्यावी, आणि डोळे तपासताना डॉक्टरांना सांगावं की मी कॉम्प्युटरवर बसते, इतक्या अंतरावर. निळा उजेड अडवणारा चष्मा म्हणून महाग चष्मा कुणी गळ्यात मारत असेल तर दोनदा विचार करा. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची मोठी संघटनाही कॉम्प्युटरसाठी असा खास चष्मा घ्यायला सांगत नाही.

आता खरेदी. गटाच्या ठरावात रक्कम मंजूर झाली, दोघी-तिघी तालुक्याला निघाल्या. काय बघायचं?

इंच म्हणजे स्क्रीनची तिरकी मापणी, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. हिशेबाच्या कामाला २१ ते २४ इंच पुष्कळ झाली. ठिपके १९२० बाय १०८० आहेत का ते विचारा. जात आयपीएस असेल तर उत्तम. खोक्यावर कॉन्ट्रास्ट म्हणून लाखाचा नाहीतर कोटीचा आकडा लिहिलेला असतो, त्याला भुलू नका. तो 'डायनॅमिक' आकडा असतो, दिवा कमीजास्त करून काढलेला. खरा आकडा साधारण १००० ला १ असा असतो. सेकंदाला १४४ वेळा, १६५ वेळा चित्र बदलतं म्हणून जास्त पैसे मागतील. ते खेळ खेळणाऱ्या पोरांसाठी ठीक आहे. हिशेबाला ६० किंवा ७५ पुरे.

मग दुकानदाराला म्हणा, लावून दाखवा. पूर्ण काळं, पूर्ण पांढरं, मग लाल, हिरवं, निळं असं एकेक चित्र लावायला सांगा. पांढऱ्यावर काळा ठिपका दिसला तर तो मेलेला पिक्सेल. काळ्यावर लाल किंवा हिरवा ठिपका सतत पेटलेला दिसला तर तो अडकलेला. काळ्या स्क्रीनच्या कडेला कुठं पांढरट डाग झिरपतोय का तेही बघा. मग मराठी मजकुराचं एखादं पान उघडायला लावा आणि एकीनं समोर बसून, दुसरीनं बाजूनं, तिसरीनं उभं राहून वाचा. तिघींना वाचता आलं तर ती आपली स्क्रीन. पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड घेतल्याशिवाय दुकान सोडू नका.

जुना डब्बा मॉनिटर कुणी फुकट देतो म्हटलं तरी विचार करा. मोठ्या डब्ब्याला साधारण ७५ वॅट वीज लागते, सपाट स्क्रीनला २० वॅट. रोज आठ तास, महिन्याला पंचवीस दिवस धरले तर डब्बा १५ युनिट खातो आणि सपाट स्क्रीन ४ युनिट. दर महिन्याला ११ युनिटचा फरक. फुकटची वस्तू बिलातून पैसे घेते.

घरी आणल्यावर तिची निगा. आपल्याकडं वीज कमीजास्त होते, जाते आणि झटक्यानं येते. हा झटका मॉनिटरच्या आतल्या वीजपुरवठ्याच्या भागाला मारतो. म्हणून यूपीएस किंवा निदान चांगला स्पाइक गार्ड लावा. वीज कडाडायला लागली की प्लगच काढून ठेवा. पुसताना आधी बंद करा. मऊ, कोरडं सुती फडकं घ्या. डाग असेल तर फडकं पाण्यानं किंचित ओलं करा. स्क्रीनवर थेट पाणी उडवायचं नाही. काच पुसायचं निळं पाणी, स्पिरिट, साबण काही लावायचं नाही, त्यानं वरचा थर जातो. पदरानं पुसू नका, जरीनं ओरखडे पडतात. आणि बोटानं दाबून दाखवायची सवय असेल तर ती सोडा. आतलं द्रवस्फटिक दबतं.

शेवटी, मॉनिटर बंद पडला की काय करायचं? उघडायचा नाही. डब्बा मॉनिटर बंद केल्यावरही आत जबरदस्त वीज साठून राहते, त्याची काच फुटली तर तुकडे उडतात, आणि त्या काचेत शिसं असतं. जुन्या सपाट स्क्रीनच्या बारीक ट्यूबमध्ये पारा असतो. भंगारवाला तांब्यासाठी तारा जाळतो, तो धूर आपल्याच पोरांच्या नाकात जातो. देशात ई-कचऱ्याचे नवे नियम २०२२ साली झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांप्रमाणे जुनी वस्तू नोंदणी असलेल्या पुनर्वापर करणाऱ्यांकडंच गेली पाहिजे. नवा घेताना दुकानदारालाच विचारा, जुना परत घेता का. चार गटांचा मिळून एकत्र कचरा दिला तर न्यायला येणारेही मिळतात.

मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीत एवढं करा. गटाचा कॉम्प्युटर असेल तर त्याचं रिझोल्यूशन बघा, केबल आवळा, खिडकी बाजूला येईल अशी स्क्रीन फिरवा. कॉम्प्युटर नसेल तर प्रत्येकीनं आपलं आधार कार्ड आणि पासबुक शेजारी ठेवून नावातलं अक्षर न् अक्षर जुळवून बघा. काना, मात्रा, अनुस्वार सगळं. कुणाचं जुळत नसेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या, अनुदान अडकायची वाट बघू नका. आणि तुमच्या गटात काय आढळलं ते आम्हाला रेडिओवर कळवा.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.